पानिपताच्या वाटेवरची दिल्ली

पानिपत पाहायचं ही इच्छा बाबांची. दिल्ली वाटेत लागते, म्हणून दिल्ली. लाल किल्ल्याला त्यांनी 'बरं, बघू' इतपत होकार दिला, कुतुबमिनार ऐकूनच हात झटकला. मी मात्र गुपचूप जुन्या दिल्लीतल्या संध्याकाळच्या हेरिटेज वॉकची दोघांची नावं नोंदवून टाकली. त्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "गल्ल्या बघायला पैसे द्यायचे? आपल्या कसबा पेठेत फुकट हिंडता येतं की."

डिसेंबरचा शेवट होता. उत्तरेतली थंडी मी पूर्वी पाहिली होती. बाबांनी पाहिली नव्हती. त्यांच्या हिशेबात थंडी म्हणजे सिंहगडावरची पहाट आणि एक मफलर.

शुक्रवार

मथुरेच्या पुढे खिडकीबाहेर काही उरलंच नाही. शेत नाही, सिग्नल नाही, फक्त दुधट पांढरं. गाडी रांगत होती, थांबत होती, पुन्हा रांगत होती. दुपारी पोचायचे ते आम्ही रात्री जेवणाच्या वेळेला उतरलो. उत्तरेत या दिवसांत हे असंच चालतं, त्यामुळे पोचण्याच्या दिवशी कुठलंही बुकिंग ठेवू नका. आमचा वॉक शनिवारी होता म्हणून वाचला.

दुसरी गोष्ट, खोली घेताना हीटर आहे का ते आधीच विचारा. दिल्लीच्या साध्या हॉटेलांत एसी असतो, पण तो फक्त गार करणारा. आमच्या खोलीतली फरशी अशी गार होती की बाबा पलंगावरून बाथरूमपर्यंत बूट घालून जात होते. रजया मात्र जड आणि झकास. बाबांनी ती नाकापर्यंत ओढून घेतली आणि आतून आवाज आला, "भाऊंच्या फौजेकडे ह्या होत्या का गं?"

शनिवार, सकाळ

लाल किल्ल्याला दहाच्या सुमारास पोचलो तर किल्ला नव्हताच. तिकीट काढलं, सुरक्षा तपासणी झाली, आणि मग अचानक पंचवीस पावलांवर लाहोरी दरवाजाची लाल भिंत धुक्यातून पुढे आली. इतक्या जवळून, इतकी एकदम, की उन्हात पाहणाऱ्यांना ही गंमत मिळत नसणार.

शाहजहानने १६३९ मध्ये काम सुरू केलं आणि १६४८ मध्ये तो इथे राहायला आला. हे सगळं पाटीवर आहेच. बाबा कुठेही न थांबता थेट दिवाण-ए-खासपाशी गेले. संगमरवरी खांब, त्यांवर फुलांची जडवकामं, भिंतीवर तो प्रसिद्ध फारसी शेर, जमिनीवर स्वर्ग असेल तर तो इथेच आहे, असं सांगणारा. बाबा वर बघत होते. वर रंगवलेलं लाकडी छत आहे. मूळचं चांदीचं होतं. ते १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेने काढून वितळवलं.

"पगार थकले होते," बाबा म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

किल्ला सोमवारी बंद असतो, आणि २६ जानेवारीच्या आधीही काही दिवस पर्यटकांना सोडत नाहीत. त्या बेताने जा.

बाहेर पडून चांदनी चौकाच्या बाजूला आलो आणि 'दौलत की चाट' मिळाली. चाट म्हणायचं, पण तिखटाचा पत्ता नाही. दूध घुसळून घुसळून काढलेला फेस, त्यावर केशराचा पिवळा रंग, खवा, पिठीसाखर आणि पिस्ते. जिभेवर ठेवला की काही खाल्लं असं वाटतच नाही, फक्त गोड गारवा राहतो. ती फक्त हिवाळ्यात मिळते, कारण ऊन तापलं की फेस बसतो. त्यामुळे सकाळीच खायची, संध्याकाळपर्यंत परात रिकामी झालेली असते. बाबांनी एक द्रोण संपवला, मग दुसरा, आणि विक्रेत्याला गंभीरपणे विचारलं, "पण ह्यात पोट कशाने भरतं?" तो म्हणाला, "पेट के लिए पराठा है ना, बाबूजी."

शनिवार, संध्याकाळ

पाच वाजता लाल किला मेट्रो स्टेशनबाहेर जमायचं होतं. साडेपाचला सूर्य मावळतो, म्हणजे उजेड जेमतेम अर्धा तास. त्या अर्ध्या तासातही तो मळका, केशरी, धुरकट. मास्क जवळ ठेवा. ही थंडी नुसती थंडी नसते, तिच्यात धूर मिसळलेला असतो आणि रात्री घसा सांगतो.

आमच्यात कोलकात्याचं एक निवृत्त जोडपं होतं, अहमदाबादचं एक कुटुंब, आणि कॉलेजातली काही दिल्लीचीच मुलं, जी म्हणे चांदनी चौकात फक्त लग्नाच्या खरेदीला आली होती. वाट दाखवणारी मुलगी इतिहासात संशोधन करणारी. लांब कोट, लाल लोकरी टोपी, हातात प्लास्टिकमध्ये घातलेला जुना नकाशा आणि एक टॉर्च. तिने प्रत्येकाला कुठून आलात ते विचारलं. बाबांनी "पूना" म्हटल्यावर ती हसली आणि म्हणाली, "अच्छा, तो आज थोड़ा संभल के बोलना पड़ेगा."

तिने सुरुवात न दिसणाऱ्या गोष्टीने केली. समोर सरळ रस्ता, दोन्हीकडे दुकानं, मध्ये ग्रॅनाइटचे ठोकळे आणि सायकलरिक्षा. ती म्हणाली, या रस्त्याच्या मधोमध पाणी वाहत होतं. यमुनेचं पाणी कालव्याने शहरात आणलं होतं, आणि शाहजहानची मुलगी जहांआरा हिने १६५० च्या सुमारास हा बाजार आखला तेव्हा मध्ये एक मोठा अष्टकोनी हौद केला. त्या हौदात चांदणं पडायचं, त्यावरून चौकाचं नाव. इंग्रजांनी हौद बुजवून तिथे घड्याळाचा मनोरा उभा केला, तो १९५१ मध्ये कोसळला. आता हौदही नाही आणि मनोराही नाही, पण रिक्षावाल्याला 'घंटाघर' म्हटलं की तो बरोबर तिथेच नेतो. बाबांना हे फार आवडलं. न आवडल्यासारखं दाखवत होते, पण नकाशा बघायला सगळ्यांत पुढे तेच.

लाल जैन मंदिरावरून पुढे गेलो. त्याच आवारात पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे आणि शेजारी गौरीशंकर मंदिर. झेंडूच्या माळांचे ढीग, बेलाची पानं, अगरबत्तीचा धूर. इथे ती थांबली आणि बाबांकडे वळली.

"अंकल, ये आपका है."

बाबांना कळेना. मलाही. तिने सांगितलं ते असं. हे मंदिर शिंद्यांच्या पदरच्या एका मराठा सरदाराने बांधलं, आपा गंगाधर त्याचं नाव. लढाईत तो जबर जखमी झाला, वाचलो तर देऊळ बांधीन असं शंकराला बोलला, आणि वाचला. साल १७६१ सांगतात.

"सतराशे एकसष्ट?" बाबांचा आवाज चढला. "जानेवारीत पानिपत झालं. त्या वर्षी दिल्लीत आमचं कुत्रंसुद्धा नव्हतं. मंदिर कोण बांधणार?"

मला वाटलं झालं, आता वॉक संपला. पण तिने टॉर्च काखेत धरली आणि म्हणाली की हाच प्रश्न तिलाही पडतो. नवस त्या वर्षीचा असेल आणि देऊळ नंतरचं, शिंदे दिल्लीत परतल्यावरचं, असं तिला वाटतं. लोक नवसाचं साल लक्षात ठेवतात, गवंडीकामाचं नाही. बाबा दोन क्षण गप्प राहिले आणि मग चक्क "पटतंय" म्हणाले. हा शब्द आमच्या घरी वर्षातून क्वचित ऐकू येतो.

आत जायला चपला-बूट काढावे लागतात. डिसेंबरच्या संध्याकाळी संगमरवरावर अनवाणी उभं राहून पाहा, भक्ती आपोआप थोडक्यात आटोपते. म्हणून सांगते, जाड मोज्यांची एक जादा जोडी खिशात ठेवाच, अशी दोन-तीन ठिकाणं या वाटेवर लागतात. पिंडीवर चांदीचे नाग, बाजूला आरतीची तयारी, घंटांचा गजर. बाबांनी पुजाऱ्याला मराठीतच सांगितलं, "पुण्याहून आलोय." त्याने न समजता एक पेढा जास्त दिला.

बाहेर आल्यावर तिने हिशेब बरोबरीत आणला. किल्ल्याकडे हात करून मंडळींना ती चांदीच्या छताची गोष्ट सांगू लागली. बाबा तयारच होते. पगार, थकबाकी, उपाशी फौज, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"हर ले जानेवाले के पास वजह होती है, अंकल. नादिरशाह के पास भी थी."

आणि मग कोलकात्याच्या काकू, ज्या आतापर्यंत शालीत गुरफटून गप्प होत्या, अगदी प्रेमाने म्हणाल्या की आमच्याकडे लहान मुलांना झोपवताना मराठ्यांची भीती घालतात. बंगालवरच्या स्वाऱ्या १७४० च्या दशकातल्या. अंगाईतले ते 'बर्गी', म्हणजे मराठे स्वार, अजून आहेत. काकू हसत होत्या, बाबाही हसले, पण मी त्यांना ओळखते. त्यानंतर बराच वेळ त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.

आपण मराठी माणसं दिल्लीला येतो ती पानिपताची जखम घेऊन. दुसऱ्याच्या अंगावरही आपल्या नावाची जखम असू शकते, हे घरी बसून वाचताना तितकंसं टोचत नाही. थंडीत, ज्याला ती झाली त्याच्या शेजारी उभं राहून ऐकताना टोचतं.

अंधार पडला होता. दुकानांचे दिवे धुक्यात पसरट दिसत होते आणि बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ येत होती. दिवसभर मोटारींना बंदी असल्याने रस्त्यावर बरीच शांतता असते, म्हणजे दिल्लीच्या मानाने. रात्री नऊनंतर ती बंदी उठते, त्याआधी चालणं आटोपलेलं बरं.

शीशगंज गुरुद्वाऱ्यात सगळ्यांनी डोकी झाकली. गुरू तेगबहादुरांचा औरंगजेबाच्या हुकमाने १६७५ मध्ये शिरच्छेद झाला तो इथे. तिने आत काहीच सांगितलं नाही. पायऱ्यांवरच म्हणाली, आत नुसतं बसा. कीर्तन चालू होतं, गालिचे उबदार होते, हातावर कडाह प्रसाद पडला तो तुपाने लथपथ आणि कढत. त्या संध्याकाळी पहिल्यांदा बोटांना बोटं असल्याचं जाणवलं. अहमदाबादचा छोटा मुलगा दुसऱ्यांदा हात पुढे करून बसला तेव्हा सेवादाराने न बोलता आणखी मोठा गोळा दिला.

गुरुद्वाऱ्याला लागूनच सुनहरी मशीद आहे, लहानशी, उंचावर, सोनेरी घुमटांची. वर दुकानांच्या पाट्या नसत्या तर नजरेत भरली असती. १७३९ च्या मार्चमध्ये इराणचा बादशहा नादिरशाह इथे येऊन बसला आणि कत्तलीचा हुकूम दिला. सकाळपासून दुपारपर्यंत शहर कापलं जात होतं. ती हे सांगताना आवाज मुद्दाम सपाट ठेवत होती. दिल्लीतली मुलं, जी तोवर मोबाइलवर फोटो काढत होती, ती थांबली. त्यातला एकजण हळूच म्हणाला, "हम यहाँ जलेबी खाने आते हैं यार."

इथे बाबांनी परत तोंड उघडलं, पण आवाज निराळा होता. नादिरशाहाच्या दोनच वर्षं आधी, १७३७ मध्ये, बाजीराव दिल्लीच्या वेशीवर येऊन धडकला होता. शहर जाळायचं मनात असूनही जाळलं नाही. राजकारण तुटेल म्हणून, दयेपोटी नव्हे, हेही बाबांनी प्रामाणिकपणे सांगितलं. काकूंनी मान डोलावली.

टाऊन हॉलच्या बाजूला रिक्षावाल्यांनी खोके आणि लाकडाच्या ढलप्या पेटवल्या होत्या. त्यांनी सरकून आम्हाला जागा करून दिली. आमची वाटाडी म्हणाली, आता पाच मिनिटं मला विश्रांती. मग बाबांना म्हणाली, "अंकल, राणेखान आप सुनाइए. मुझसे अच्छा आप सुनाएँगे."

तिला राणेखान माहीत असेल असं बाबांना स्वप्नातही वाटलं नसेल. त्यांनी हातमोजे काढले, हात शेकले आणि त्यांच्या त्या खास हिंदीत सुरुवात केली. पानिपतावर पळापळ झाली तेव्हा महादजी शिंदे घोड्यावरून निघाले. एका अफगाण स्वाराने पाठलाग करून पायावर घाव घातला, दागिने लुटले आणि मेला समजून सोडून दिलं. तिथे एक भिस्ती आला, पाणक्या. त्याने या लंगड्या जखमी पोराला पखालीच्या बैलावर घातलं आणि दक्षिणेकडे घेऊन गेला. तो राणेखान. महादजींचा पाय कायमचा अधू झाला, पण ते त्या पाणक्याला जन्मभर भाऊ म्हणाले. आणि तो नुसता मानाचा भाऊ राहिला नाही. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने लाल किल्ल्यात घुसून म्हाताऱ्या बादशहा शाहआलमचे डोळे काढले, खजिन्यासाठी महालाच्या फरश्या खणल्या. त्या वेळी दिल्ली सोडवायला शिंद्यांची जी फौज आली, तिच्या पुढे होता राणेखान.

"भिश्ती?" अहमदाबादच्या बाईंनी विचारलं.

"हां. पानीवाला," बाबा म्हणाले. "मराठ्यांचा सेनापती."

शेकोटीपाशी बसलेला एक रिक्षावाला लक्ष देऊन ऐकत होता. त्याने विचारलं, मग त्या कादिराचं काय झालं? बाबांनी सांगितलं. पकडला गेला, आणि त्याचेही हाल करून त्याला मारलं. "ठीक हुआ," रिक्षावाला म्हणाला आणि आगीत आणखी एक खोका टाकला.

मुलीने पुढचं सांगितलं, आणि मला ते खरं म्हणजे नवीन होतं. पानिपतानंतर अकराच वर्षांनी, १७७२ च्या जानेवारीत, शाहआलमला अलाहाबादहून आणून दिल्लीच्या तख्तावर बसवलं ते महादजींच्या मराठ्यांनी. पुढे १८०३ पर्यंत, मध्ये काही काळ सोडला तर, इथे जोर शिंद्यांचा होता. ती म्हणाली, पुण्याहून येणारे सगळे मला १७६१ सांगतात. त्याच्या पुढची चाळीस वर्षं कुणी सांगत नाही. तुम्ही राणेखान सांगितलात, तुम्ही पहिले.

बाबांच्या चेहऱ्याचं वर्णन करत नाही. घरी परतल्यावर त्यांनी सगळ्यांना हे वाक्य ऐकवलं आहेच.

बल्लीमारानमध्ये शिरलो तेव्हा गालिबची हवेली बंद झालेली होती. ती संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होते आणि सोमवारी उघडत नाही, म्हणून आतलं पाहायचं असेल तर दुपारीच जाऊन या. गल्ली कासिम जानमध्ये, चष्म्यांच्या आणि बुटांच्या दुकानांमध्ये, विटांची एक कमान. १८६९ मध्ये गालिब इथेच वारला. टॉर्चच्या उजेडात तिने एवढंच सांगितलं की त्याचं चरित्र लिहिणारा त्याचा शिष्य हाली हा पानिपतचा. "कल जा रहे हैं ना आप? उनसे भी मिल आइए."

शेवट फतेहपुरी मशिदीपाशी. १८५७ नंतर इंग्रजांनी ही मशीद लाला चुन्नामल नावाच्या व्यापाऱ्याला १९ हजार रुपयांना विकली होती, आणि १८७७ मध्ये ती परत मुसलमानांना मिळाली. पलीकडे खारी बावलीचा मसालेबाजार. मिरच्यांची पोती बंद होत होती तरी हवेत इतकं तिखट होतं की आख्खी मंडळी शिंकत शिंकत एकमेकांचा निरोप घेत होती. काकूंनी बाबांना कोलकात्याचं आमंत्रण दिलं. "बर्गी को भी?" बाबांनी विचारलं. "खाना खिलाके वापस भेजेंगे," त्या म्हणाल्या.

मग आम्ही दोघांनी कढत गाजर हलवा घेतला, उभ्यानेच. वॉकच्या आधी पोटभर जेवू नका, एवढंच सांगते. तीन तास चालणं आहे, आणि दर दहा पावलांवर काहीतरी तळलं जात असतं.

रविवार

दिल्ली ते पानिपत साधारण नव्वद किलोमीटर. टॅक्सी सकाळी सातला सांगितली होती, चालक साडेआठपर्यंत निघायलाच तयार नव्हता आणि त्याचंच बरोबर होतं. महामार्गावर समोरच्या ट्रकचे फक्त लाल दिवे दिसत होते. मुरथळला थांबून पराठे. पराठ्यावर पांढऱ्या लोण्याचा लिंबाएवढा गोळा येतो, तो काढून ठेवायचा प्रयत्न मी केला, बाबांनी तो माझ्या ताटातून उचलला.

काला आंब गावाबाहेर आहे, सनौली रस्त्यावर. तिथे पूर्वी आंब्याचं झाड होतं. ते गेलं, आता विटांचा एक खांब आणि त्यात लोखंडी कांब, भोवती कुंपण, बाग. साडेअकरा वाजले तरी धुकं उठलं नव्हतं, आजूबाजूला गव्हाची शेतं असावीत असा नुसता ओला वास.

बाबांनी वर्षानुवर्षं हे मैदान मनात वागवलं होतं. मला वाटलं ते काही बोलतील. ते कुंपणाभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "माझ्या अंगात दोन स्वेटर आहेत, जाकीट आहे, पोटात दोन पराठे आहेत. आणि मला इथे उभं राहवत नाहीये." १४ जानेवारी १७६१ ला फौज छावणीतून निघाली ती कित्येक दिवसांची उपाशी होती. लढाई पाहिलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवलंय की त्यांनी तोंडाला हळद फासली होती, मरायला निघाल्याची खूण म्हणून. हे मी अनेकदा वाचलं होतं. इथली हवा अंगाला लागेपर्यंत त्यातली हळद लक्षात राहायची, थंडी नाही.

बाकावर पागोटं बांधलेले एक आजोबा बसले होते, जवळच्याच गावचे. आमचं मराठी ऐकून त्यांनी हाक मारली. ते रोड समाजाचे. त्या समाजातले पुष्कळजण स्वतःला पानिपतातून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. दर १४ जानेवारीला इथे मोठा कार्यक्रम होतो, तेव्हा महाराष्ट्रातूनही लोक येतात. आजोबांनी खिशातून गुळाचा खडा काढून बाबांच्या हातावर ठेवला.

"आप लोग तो लौट गए," ते म्हणाले. "हम यहीं रह गए."

बाबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. आजोबा वयाने बाबांपेक्षा लहान निघाले, हे नंतर बोलण्यात कळलं. मग दोघंही ओशाळले आणि गव्हाच्या भावावर बोलू लागले.

दुपारी बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्यात गेलो. आवारातच हालीची कबर आहे, साधी. बाबांना शायरीचं वेड नाही, पण "तिने सांगितलंय" म्हणून ते आवर्जून गेले. परतताना इथलं प्रसिद्ध पचरंगा लोणचं घेतलं. पिशवीला पिशवी बांधून घ्या, तेल बाहेर येतं.

सोमवार

गाडी संध्याकाळची. लाल किल्ला बंद, हवेली बंद. बाबा सकाळी उठले तेच पटपडगंज म्हणत. ११ सप्टेंबर १८०३ ला जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली, ती लढाई यमुनेच्या त्या बाजूला झाली होती. तिचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये आहे. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, आधी विचारून ठेवलेलं बरं. आम्ही विचारलेलं नव्हतं. फाटकावर बाबांनी पुणे, महादजी, पानिपत असं सगळं सांगितलं, रखवालदाराने कुणाला तरी फोन केला, आणि एका माणसाने आम्हाला कडेकडेने नेऊन आणलं.

हिरवळ, टोप्या घातलेले खेळाडू, आणि मध्ये तो स्तंभ. मराठ्यांच्या फौजेचा सेनापती म्हणून त्यावर एका फ्रेंच माणसाचं नाव आहे, लुई बूर्कँ. राणेखानानंतर पंधराच वर्षांनी हे. बाबा ते वाचून बराच वेळ पुटपुटत होते. "पाणक्या होता तेव्हा जिंकले," असं काहीसं.

बरोबरच्या माणसाने विचारलं, ये पत्थर किसका है? तो तिथे बरीच वर्षं काम करतो आहे. म्हणाला, इकडे लोक फक्त हरवलेला चेंडू शोधायला येतात. बाबांनी घड्याळात पाहिलं, गाडीला चार तास होते. ते तिथल्या कट्ट्यावर बसले, त्यालाही बसायला लावलं, आणि १७६१ पासून सुरुवात केली.